परबांचे टिकले

परब गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्या लांब टेबलावर त्यांनी तीस वर्षं बरण्या पुसल्या, त्याच टेबलावर त्यांचा फोटो ठेवला होता. फोटोला झेंडूचा हार होता आणि शेजारी काचेचं एक गोल भांडं. भांड्यात सहा-सात गप्पी मासे फिरत होते, लाल-निळ्या झिरमिळ्या शेपट्यांचे. विभागप्रमुखांनी परबांना हाडाचे निसर्गप्रेमी म्हटलं आणि त्यांच्या आवडीचे मासे आज मुद्दाम इथे ठेवले आहेत असं सांगितलं.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. सभेतून मधेच उठून जाणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी उठले, जिना उतरले आणि बंद कँटीनच्या पायरीवर जाऊन बसले. झेंडूचा आणि शिळ्या पाण्याचा वास नाकातून जात नव्हता. परबांना उभ्या आयुष्यात सगळ्यांत जास्त शिसारी कशाची आली असेल तर ती गप्पी माशांची. आणि निसर्गप्रेमी तर ते कधीच नव्हते. दादरची कबुतरं, कॉलेजच्या आवारातली मांजरं, पावसाळ्यात मोरीतून वर येणाऱ्या गोमा, यांच्याबद्दल त्यांच्या तोंडून मी एकही बरा शब्द ऐकलेला नाही.

भिकाजी परब प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिवडीच्या चिखलातून निवटे मासे धरून आणायचे, झुरळं पकडायची, बरण्यांतलं फॉर्मलिन बदलायचं, प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रत्येक टेबलावर ट्रे मांडायचे, ही त्यांची कामं. वडील गिरणीत होते, जन्म लालबागच्या चाळीतला. बोलणं मुंबईचं, पण राग आला की सरळ मालवणीत शिरत. प्रयोगशाळेत असूनही त्यांचा सदरा पांढरा असे आणि तो पांढराच राही. दोन साबण वापरत, एक फॉर्मलिनसाठी आणि एक पहिल्या साबणाच्या वासासाठी. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगत आणि पुन्हा धूत. दुपारी मात्र डब्यात बांगडा असला की काटा न काटा चोखून खात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “बाई, खायचा मासा वेगळा, बघायचा वेगळा. त्यात गोंधळ केला की माणूस प्रोफेसर होतो.”

शी म्हणायची त्यांची स्वतःची रीत होती. इतर माणसं शी म्हणतात आणि तोंड फिरवतात. परब आधी चष्मा कपाळावर चढवून, वाकून, वस्तू नीट बघत. कुजलेला बेडूक असो की विद्यार्थ्याने सिंकमध्ये टाकलेला च्युइंगगम. सगळं बघून झालं की सरळ उभे राहत आणि सावकाश म्हणत, “शी.” न बघता शी म्हणणाऱ्या माणसाची त्यांना वेगळी शी येत असे.

माझी त्यांची ओळख झाली ती पुस्तकामुळे. आमच्याकडे कुलपाच्या कपाटात माशांवरचा एक जुना इंग्रजी ग्रंथ होता, जाडजूड, रेखाटनांचा. परब एका दुपारी काउंटरपाशी आले, हात पुसलेले असूनही पुन्हा सदऱ्याला पुसले, आणि म्हणाले, “आमच्या चाळीच्या विहिरीतला मासा त्यात आहे का बघता?” त्यांना इंग्रजी अक्षरं लागत, पण वाक्य लागत नसे. आम्ही पानं उलटत गेलो. कसरीने खाल्लेल्या एका पानावर ते थांबले. कसरीची वाट बोटाने शेवटपर्यंत तपासली, शी म्हणाले, आणि मग चित्राकडे वळले. हाच तो. मी मजकूर वाचून मराठीत सांगितला. लांबी, रंग, अंगावरचे आडवे उभे पट्टे, परांतल्या काड्या किती, सगळं होतं. ऐकून ते म्हणाले, “ह्या सायबाने मेलेला मासा बघितलाय.”

कशावरून, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी काचपात्रात तो मासा आणला आणि माझ्या टेबलावर, नोंदवहीवर पाणी सांडणार नाही इतक्या जपून ठेवला. बोटभर लांबीचा, पाठ सपाट, तोंड वरच्या बाजूला वळलेलं. खवल्यांवर पिवळसर हिरवी झाक, मागच्या अंगावर बारीक काळे पट्टे. तो पाण्याच्या अगदी वरच्या थराला चिकटून स्थिर उभा होता, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध, कपाळावर, चांदीचा एक ठिपका चमकत होता. आरशाचा कपचा बसवावा तसा. मी वरून पाहिलं तेव्हा मासा दिसेनासा झाला, ठिपका तेवढा राहिला.

“आमच्या चाळीत ह्याला टिकल्या म्हणतात,” परब म्हणाले. “कोण काय काय म्हणतं. पण मेला की टिकली जाते. बघता बघता जाते. आणि फॉर्मलिनमध्ये घातला की मासा तांबूस काडी होतो. मग सायब बसतो काड्या मोजत.”

तो ठिपका कशासाठी असतो, मी विचारलं.

“ते त्याला विचारा. मला पगार बरण्या पुसायचा मिळतो.”

ही विहीर चाळीच्या मागच्या अंगणात होती, काळ्या दगडाची, गोल. पाणी पुरुषभर खाली. चाळीतल्या लोकांनी ते पाणी प्यायचं कधीच सोडलं होतं, पण धुण्याभांड्याला वापरत. टिकले तिथे कधीपासून होते कोणाला माहीत नाही. परबांचे वडील गावाहून आले तेव्हा होते. पूर्वी आजूबाजूला खाचरं आणि तळी होती, ती बुजत गेली, त्यातलं पाणी आणि त्यातले हे मासे या एका विहिरीत उरले, असा परबांचा हिशोब होता. लालबाग-परळच्या ज्या ज्या विहिरीत डोकावता येईल त्या प्रत्येक विहिरीत त्यांनी डोकावून पाहिलं होतं. कुठे झाकण, कुठे कचरा, आणि बाकी सगळीकडे गप्पी.

गप्पी आपला नाही. दूरच्या खंडातून डासांवर उपाय म्हणून आणला गेला, विहिरी-टाक्यांत सोडला गेला, आणि जिथे सोडला तिथे उरला. गटारातही जगतो. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देतो, आणि भूक लागली की त्यातलीच खातो. टिकल्याचं वेगळं. मादी पाणवनस्पतीच्या मुळांत एकेक अंडं चिकटवते, दिवसाला थोडी, सावकाश, आणि पिल्लू बाहेर यायला दोनेक आठवडे जातात. तितक्यात गप्पीची एक फौज उभी राहते. “आणि डास टिकल्यापण खातो,” परब म्हणत. “जास्त खातो. पण त्याला शेपटीवर रंग नाही आणि तो परदेशातून आला नाही, मग त्याला कोण विचारतो?”

एका वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनात गप्पींचं भांडं मांडलं होतं, वर फलक: ‘निसर्गाचे डासमारक’. पालक येऊन किती गोड, किती गोड म्हणत होते. एका बाईंनी पोट फुगलेली मादी दाखवून विचारलं, ही गरोदर का? परब तिथे पाणी बदलायला उभे होते. वाकून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “नाही. सकाळीच व्याली. आता आहे ती पोरंच आहेत पोटात, पण दुसऱ्या वाटेने गेलेली.” बाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी मुलीला ओढत पक्ष्यांच्या टेबलाकडे नेलं. विभागप्रमुखांनी परबांना बोलावून समज दिली, आणि परब ती ऐकून घेऊन परत भांड्यापाशी आले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहिते आहे, तिच्याकडे यायला हवं. यायला नको वाटतं.

दर जूनमध्ये चाळीत महापालिकेचा मलेरियावाला येई. उघडी विहीर म्हणजे डासांचं घर. एक तर झाकण घाला, नाही तर गप्पी सोडा आणि तसा अर्ज भरून द्या, असा त्याचा नियम होता. झाकण घातलं तर उजेड आणि हवा बंद, टिकले मेले. गप्पी सोडले तर टिकले गेलेच. परबांनी पहिल्या वर्षी त्याला विहिरीपाशी नेलं, म्हणाले, बघा, मासे आहेत, डासांची एक अळी दाखवा. मलेरियावाला काठावरून म्हणाला, हे कुठले मासे ते माझ्या छापील कागदात नाही. कागदात गप्पी आहे.

मग परबांनी तडजोड काढली. तो देईल ती गप्पींची पिशवी घ्यायची, विहिरीत न सोडता कॉलेजात आणायची आणि टाकीतल्या मरळ माशाला घालायची. मरळ तोंड उघडून एकेक गिळे ते परब उभे राहून बघत, आणि त्या वेळी मात्र शी म्हणत नसत. अर्ज भरायला ते माझ्याकडे येत. त्यांचं अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं. बरण्यांची लेबलंही ते माझ्याकडूनच लिहून घेत. “बाई, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. त्यावर कोणी शंका घेत नाही.”

आणि मी लिहीत असे. ‘विहिरीत गप्पी मासे सोडले आहेत. त्यांची संख्या चांगली असून स्थिती समाधानकारक आहे.’ खाली परबांची सही, चाळ समितीचे सदस्य म्हणून. पहिल्या वर्षी माझा हात जरा अडखळला. परब म्हणाले, “लिहा हो. मासे थोडेच वाचणार आहेत.” आम्ही दोघंही हसलो. पुढे दर जूनमध्ये तेच वाक्य, त्याच वळणाने. पंधरा-सोळा वर्षं तरी. खोटं लिहितो आहोत असं नंतर वाटेनासंही झालं. खोट्याचीही स्थिती समाधानकारक होती.

मधे एकदा ते खरं होता होता राहिलं. चाळीतल्या खोतांनी वास्तूचा दोष जावा म्हणून घरात माशांची टाकी ठेवली होती. दोष गेला की टाकीचा कंटाळा आला, ठाऊक नाही, पण एका अमावस्येला त्यांनी पुण्य म्हणून सगळे मासे विहिरीत सोडले. त्यात गप्पी होते. परबांना कळलं तेव्हा दोन दिवस उलटले होते. ते खोतांच्या दारात उभे राहिले आणि जे बोलले ते चाळीत अजून सांगतात. “शिरा पडो तुझ्या पुण्यार. तुझ्या घरातली घाण तू माझ्या विहिरीत ओतलंस?” खोत म्हणाले, विहीर काय तुझ्या बापाची?

परबांनी कॉलेजातून रजा घेतली. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. कमरेला दोर बांधून विहिरीत उतरले, कपारीत पाय रोवले आणि चहाच्या गाळण्याला काठी बांधून एकेक गप्पी काढू लागले. मी एका दुपारी बघायला गेले. वरून त्यांचं टक्कल दिसत होतं आणि त्याभोवती पाण्यावर चांदीचे ठिपके. पाण्यावर नवरात्रातलं निर्माल्य कुजून त्याची साय धरली होती, आणि ती त्यांच्या बनियनला छातीपर्यंत लागली होती. एवढा स्वच्छ माणूस. खालून त्यांचा आवाज आला, “नर राहिला तर चालेल बाई. मादी राहता कामा नये. एकदा नराजवळ गेली की पुढे कित्येक महिने नर लागत नाही तिला. एकटीच विहीर भरते.” मी म्हटलं, शेवटची मादी गेली हे कसं कळणार? ते म्हणाले, “नाही कळणार. बघत राहायचं.”

तीन आठवडे ते सकाळ-संध्याकाळ उतरले. नंतर पुढचे सहा महिने रोज कठड्यावर ओणवे होऊन बघत राहिले. गप्पी दिसला नाही. पायाला जी खरूज धरली ती मात्र दोन वर्षं गेली नाही. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, मला म्हणाल्या होत्या, “ह्यांना सगळ्याची घाण वाटते, फक्त त्या डबक्याची नाही.”

वहिनींचं म्हणणं पुढे फार महत्त्वाचं ठरलं. चाळ पाडून तिथे टॉवर यायचं ठरलं. चाळीत चाळीस बिऱ्हाडांना एका टोकाला सहा संडास होते, आणि वहिनी गुडघे धरून तिथवर जात. विहिरीच्या जागी नकाशात गाड्या उतरण्याचा उतार होता. परबांनी चाळीच्या बैठकीत विहीर वाचवायचा विषय काढला, तेव्हा लोक आधी हसले आणि मग चिडले. एका टिकल्यापायी टॉवर अडवायचा? बैठकीतून घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, “मला घरात संडास हवा. मासे नकोत.” परब म्हणाले, संडासही हवा आणि विहीरही हवी, दोन्हीला जागा आहे, उतार चार हात सरकवला की झालं. वहिनी रडू लागल्या. हे परबांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, “ती चुकीचं नाही बोलत.”

त्यांनी महापालिकेकडे अर्ज करायचा ठरवला. या भागात इतरत्र न उरलेला देशी मासा या विहिरीत आहे, तरी विहीर राखून बांधकाम करावं. अर्ज मी लिहिला. त्यावर म्हणे एक पाहणी झाली. एक तरुण माणूस आला, कठड्यापासून दोन हातांवर उभा राहिला, नाकाला रुमाल लावला, फोटो काढला आणि गेला. काही आठवड्यांनी सुनावणीचं बोलावणं आलं. परबांनी मला सोबत नेलं. एका काचेच्या बरणीत विहिरीचं पाणी आणि दोन टिकले घेतले होते, बरणी पिशवीत, पिशवी छातीशी.

साहेब वयाने लहान होते, बोलायला सभ्य. त्यांनी आमचा अर्ज बाजूला ठेवला आणि दुसरी फाइल उघडली. जूनचे अर्ज एकावर एक लावलेले. मला दुरूनही माझं अक्षर ओळखू आलं.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“दर वर्षी तुम्ही लिहून दिलंय की विहिरीत गप्पी आहेत. पाहणीतही छोटे मासे दिसले, रेकॉर्डप्रमाणे गप्पी. आता तुम्ही म्हणता गप्पी नाहीत. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आता?”

“तेव्हा,” परब म्हणाले. “मासे वाचवायला.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आणि आताही मासेच वाचवायचे आहेत.”

परबांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, साहेब, वाकून बघा, कपाळावर बघा. ओळखायला पुस्तक लागत नाही. साहेबांनी बरणीकडे नजर टाकली, पण मान हलवली नाही. त्यांनी शिपायाला फाइल ओली होते आहे असं सांगितलं, आणि शिपायाने बरणी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. हे मासे याच विहिरीतले कशावरून, असंही साहेब म्हणाले. खरंच होतं. कशावरून? आमच्या बाजूने एकच कागद बोलू शकला असता, आणि तो आम्हीच खोटा लिहिला होता. अक्षर माझं, सही त्यांची. बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. परब म्हणाले, “अक्षर चांगलं होतं बाई. त्यात काय चूक नव्हती.” त्या दिवसापासून मला माझ्या अक्षराची किळस येते. किराणा मालाची यादीसुद्धा मी आता मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिते.

चाळ रिकामी झाली. परबांनी शिवडीला, गोदामांच्या मागे, भाड्याची खोली घेतली. जागेभोवती पत्रे लागण्यापूर्वीच्या आठवड्यात मिळाले तेवढे टिकले त्यांनी विहिरीतून काढले आणि निळ्या पिंपात, विहिरीच्याच पाण्यात, तिकडे नेले. विहीर बुजवली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रस्त्यापलीकडे उभी होते. पत्र्यांच्या फटीतून दिसत होतं. आधी चाळीचा राडारोडा टाकला. मग कोणाची तरी गादी. मग पाडलेल्या सहा संडासांची भांडी, फुटकी, पिवळी, डागाळलेली, एकामागून एक. प्रत्येक वेळी खालून पाण्याचा आवाज येई, आणि तो येत होता म्हणजे पाणी अजून होतं. मी तोंड फिरवलं. परबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज येणं थांबेपर्यंत बघत राहिले. शी म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होते.

पिंपातले मासे कुठे तरी सोडावेत असं मला वाटे. मी सुचवलं होतं, एखादं तळं, एखाद्या ओळखीच्या कॉलेजातला हौद. ते एकदम तुटकपणे म्हणाले, “त्या पाण्यात कोण राहतं ते बघितलंय का मी? परक्या पाण्यात मासा सोडायचा, मग माझ्यात आणि मलेरियावाल्यात फरक काय राहिला? खोतात आणि माझ्यात?” पुन्हा मी तो विषय काढला नाही.

शिवडीच्या खोलीत ते साडेतीन वर्षं राहिले. टॉवर अजून पायाच्या वर आला नव्हता. पिंप गॅलरीत होतं. पिंपात काथ्याची जुडी लोंबत असे, मुळांच्या ऐवजी, आणि टिकल्यांनी तिला अंडी चिकटवली. पहिल्या वर्षी पिल्लं पुष्कळ झाली. मग कमी. एकाच पिंपातली, एकमेकांचीच. काही वाकड्या कण्याची निघू लागली. परब रोज सकाळी मोरीतल्या बादलीतून डासांच्या अळ्या गाळून त्यांना घालत. खोकला तोवर बळावला होता. डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते वहिनींनी मला सांगितलं, परबांनी कधी सांगितलं नाही.

शेवटचं भेटायला गेले तो रविवार होता. वहिनींनी दार उघडलं. खोलीला लागून संडास होता, घरातला, आणि त्यांनी तो मला न विचारता दाखवला, मग एकाएकी ओशाळल्या. परब गॅलरीत पिंपाशेजारी खुर्चीवर बसले होते. सदरा पांढरा, पण आता तो दुसऱ्या माणसाचा वाटत होता. पिंपात चार टिकले उरले होते. पायाशी एक बरणी होती, रिकामी, घासून लख्ख केलेली, आणि तिच्यात कोरं लेबल.

“पेन आणलंय ना?” ते म्हणाले. “हे शेवटचे. मी राहिलो नाही तर ह्यांना कुठे सोडू नका. खायला घाला, मरू द्या आपल्या मरणाने, आणि शेवटचा जो राहील तो बरणीत घाला. फॉर्मलिन कसं बनवायचं ते लिहून ठेवलंय. तुम्हाला वाचता येणार नाही, ती वाचून दाखवेल.”

बरणीतल्या माशाला ते काडी म्हणत आले होते. मी तसं बोलले. ते म्हणाले, “काडी तर काडी. लेबल तरी खरं असू दे. एक कागद तरी.”

मी पिंपाच्या झाकणावर लेबल ठेवून लिहायला बसले. मी अक्षर वाकडं काढू लागले, तर ते म्हणाले, “असं नाही. छापल्यासारखं काढा. जूनच्या कागदावर काढायचात तसंच. कोणाला शंका यायला नको.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. शास्त्रीय नाव, मग टिकल्या. लालबाग, चाळीमागची विहीर, आता बुजलेली. देशी. ‘गप्पी नव्हे’ लिहू का, मी विचारलं. ते म्हणाले नको, त्याचं नाव ह्याच्या बरणीवर कशाला. मग म्हणाले, “कपाळाचं लिहा. जिवंतपणी दोन डोळ्यांच्या मधे चांदीचा ठिपका. ते पहिलं लिहा, बाकी सगळं तसं बघून कळेल. ते राहणार नाही.” वर जागा सोडली होती तिथे मी ते लिहिलं.

“गोळा केल्याची तारीख?”

“मोकळी ठेवा.”

लेबल त्यांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि अक्षर न अक्षर वाचलं. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते मला परत देऊन पिंपावर ओणवे झाले. त्यांची सावली पाण्यावर पडली तसे चारही टिकले काथ्याखालून वर आले, अळ्या मिळतील म्हणून, आणि त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर तोंडं वर करून उभे राहिले. मी जाते म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही, फक्त हात वर केला, आणि पाण्याकडे बघत बघतच म्हणाले, “शाई वाळू द्या आधी.”